नकाशात नगर झालेला दिवा

ज्याने सूर्य घडवला आणि त्याचा कधी गवगवा केला नाही, काजव्याच्या पोटीही जो आपल्या तेजाचा कण ठेवायला विसरला नाही, त्या तेजोनिधीला माझे नमन असो. ज्याच्या कृपेने अहंकाराला आपले आंधळेपण दिसू लागते, त्या सद्गुरूच्या चरणी माझे मस्तक असो. मस्तक या शब्दावर माझा थोडा अधिकार आहे. एके काळी मला सहा मस्तके होती.

मी एक दिवा बोलतोय. देवघरातला नव्हे, तुळशीपुढचाही नव्हे. उंच लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावर एक कडे आणि त्या कड्याला सहा तोंडे, असा सरकारी दिवा. माझी भाषा तुम्हाला जरा जुन्या वळणाची वाटेल. ज्याच्या पायाशी सात वर्षे भजने झाली, त्याने दुसरी कोणती भाषा शिकावी?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जन्मतःच माझ्या अंगाला एक चिठ्ठी चिकटवली होती: मौजे करवंदपाडा, तालुका मोखाडा, मारुती मंदिरासमोर. मंदिरासमोर जागा मिळणार म्हणून मी वाटभर धन्य होतो. ट्रकमध्ये आडवा पडून घाट चढलो, खोडाळ्याचा बाजार ओलांडला आणि करवंदपाड्याच्या अलीकडे येऊन थांबलो. पुढे ओहळ होता. ओहळावर पूल नव्हता.

"पलीकडं कसा नेऊ? उडत?" ट्रकवाल्याने विचारले.

सोबतच्या मुकादमाने ओहळाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "हितंच उभा कर. कागदावर तो पाड्यातच हाय."

ओहळाकाठची माती ओली होती, म्हणून मला आणखी दोनशे पावले मागे, उघड्या माळावर नेऊन रोवले. पलीकडे चाळीस घरे आणि मारुती. अलीकडे मी आणि करवंदीच्या जाळ्या. उद्घाटनाला हार आला, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यापर्यंत पोचलो नाही, हे त्या दिवशी कोणाच्याच ध्यानात आले नाही. माझ्या तर मुळीच नाही.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली. मी पेटलो आणि पाड्यातली सगळी घरे मंद झाली. खोडाळ्याकडून येणारी वीज एवढीशी, तिचे जुने रोहित्र एकच. माझ्या सहा तोंडांनी ती पिऊन टाकली. चैती नावाची एक म्हातारी ओहळाच्या काठावर उभी राहून कपाळाला आडवा हात लावून माझ्याकडे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "मोठा पेटला, बारके विझले."

यावर तोड काढली हेमराज गुरुजींनी. मोखाड्याच्या शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ माळाच्या कडेला एका खोलीत राहत, पहाटे हरिपाठ म्हणत आणि दिवसा पाड्यातल्या लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांनी सगळ्यांना माझ्या चौथऱ्याशी बसवले आणि नियम सांगितला. "चांदणे असताना हा दिवा लावायचा नाही. देवाने ताट वाढलेले असताना ते सरकवून शिदोरी सोडू नये. चंद्र नसेल त्या अंधाऱ्या रात्रींपुरताच हा पेटेल. बाकीचे दिवस वीज घरांना."

सर्वांना ते पटले. मलाही पटले, कारण अमावस्येला माझ्याखाली भजन सुरू झाले. पाड्यातली माणसे ओहळ उतरून येत, टाळ-पखवाज येई, आणि मी झळकताच सगळे हात जोडत. ती माणसे दिव्यातल्या तेजाला नमस्कार करीत. तो मला केला आहे, असे मी समजत असे. पितळेचा टाळ स्वतःला गवई समजला तर आपण हसतो. खांबाला कोण हसणार?

दुसऱ्या वर्षी वैशाखात मोठे वादळ आले. माझे कडे फिरले, तीन तोंडे पिळवटून आकाशाकडे वळली आणि दुरुस्तीसाठी कडे खाली उतरवण्याची तार गंजून अडकली. जव्हारहून जहीर आला. तालुक्यातले निम्मे दिवे, पंखे आणि मोटारी ज्याच्या हातून बऱ्या होतात तो हा कारागीर. त्याने मान वर करून मला बराच वेळ पाहिले.

"गुरुजी, याची मान मोडली. आता हा वरच्या मालकाशीच बोलणार, खाली नाही बघणार."

"मग आमच्याहून बरा आहे," गुरुजी म्हणाले. "आमची मान वर जातच नाही. नीट नाही का करता येणार?"

"क्रेन लागेल."

क्रेनचा अर्ज कागदावर निघाला आणि कागदावरच राहिला. मला मात्र खेद नव्हता. आपण ऊर्ध्वमुख झालो, ध्यानस्थ झालो, असा अर्थ मी त्या दुखण्याचा लावला. माणसांकडून शिकलेली कला आहे ही: जे मोडले त्याला व्रत म्हणायचे.

दर आषाढात दिव्याची अमावस्या येते. त्या दिवशी चैती पावसातून ओहळ उतरून येई. नागलीच्या पिठाचा वाफवलेला छोटा दिवा माझ्या चौथऱ्यावर ठेवी, रानफुले वाही आणि काही न मागता परत जाई. चार वर्षे तिने नेम चुकवला नाही.

चौथ्या वर्षी त्या अमावस्येनंतर आठव्या दिवशी तिची सून, नाव धाकली, बाळंतपणात अडली. चैतीचा मुलगा फागू आणि आणखी तिघे तिला बांबूच्या झोळीत घालून निघाले. दवाखाना अलीकडे, खोडाळ्याच्या वाटेला. ओहळ मध्ये, दोन्ही काठ भरून. दिवे लागणीची वेळ होती. ढगांनी अंधारून आले होते, म्हणून गुरुजींनी नियम मोडून मला पेटवले. मी सर्व शक्तीने जळलो. तीन तोंडांचा उजेड माळावरच्या जाळ्यांवर पडला, तीन तोंडांचा ढगांना गेला. ओहळापर्यंत काही पोचले नाही. पाणी उतरायला दोन तास लागले. धाकली वाचली. मूल काठावरच जन्मले आणि रडले नाही.

त्या रात्रीनंतर मी ध्यानस्थ आहे असे मला वाटेनासे झाले. पुढच्या आषाढात चौथऱ्यावर पिठाचा दिवा आला नाही.

गुरुजींनी अर्ज लिहिला: करवंदपाड्याच्या ओहळावर एक साकव मिळावा, माणूस आणि झोळी जाईल एवढा लहान पूल. दुर्गम पाड्यांना साकव द्यायची योजना होती. करवंदपाड्याहून दुर्गम काय असणार? अर्ज मंजूर होणारच अशा खात्रीने गेला आणि नऊ महिन्यांनी नामंजूर होऊन परतला.

बाजाराच्या दिवशी गुरुजी आणि फागू कारण विचारायला जीपने मोखाड्याला जाऊन आले आणि थेट माझ्या चौथऱ्यावर येऊन बसले. जहीर माझी पेटी उघडून आत काहीतरी जोडत होता.

"काय झालं फागूदादा? तोंड का उतरलंय?"

"आपला पाडा शहर झाला," फागू म्हणाला.

"मुबारक."

"हसू नको. कचेरीतल्या भाऊसाहेबांनी संगणकावर नकाशा दाखवला. जगातली शहरं कशी वाढतात ते रातच्या उजेडावरून मोजतात म्हनं. आभाळातून फोटू काढतात. त्याच्यात आपल्या हितं ठिपका हाय. पिवळा."

"भाऊसाहेब म्हणाले," गुरुजी शांतपणे सांगू लागले, "हे क्षेत्र नव्याने वाढणारी नागरी वस्ती आहे. चार वर्षांत एवढी वाढ तालुक्यात दुसरीकडे कुठे नाही. म्हणून दुर्गम यादीतून नाव गेले."

"मी त्यांना बोललो, साहेब, तिथं आमचं घर पन नाय. तं म्हनतात, घर नाही दिसत, उजेड दिसतो."

जहीरने पेचकस खाली ठेवला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग फागूने पाहिले. सर्वात शेवटी गुरुजींनी. पाच वर्षांत पुष्कळ जणांनी माझ्याकडे पाहिले होते. असे कोणी पाहिले नव्हते.

वाचकहो, माझी त्या वेळची मनःस्थिती कबूल करतो. लाज वाटायच्या आधी क्षणभर मला आनंद झाला. मी नगर आहे! वेशी नाही, रस्ते नाहीत, नागरिक नाहीत, पण आकाशाच्या वहीत माझी नोंद आहे. माझ्यामुळेच माझ्या माणसांचा साकव अडला, हे कळायला मला आणखी एक श्वास लागला.

"आमच्या शेजारची शलाका पुण्याला असलेच नकाशे करते," जहीर म्हणाला. "दिवाळीला घरी येईल. तिला घेऊन येतो."

दिवाळीच्या तीन दिवस आधी शलाका आली. पाठीवर पिशवी, हातात नकाशाचा मोठा कागद, आणि चेहऱ्यावर परीक्षेला आलेल्या मुलीची काळजी. तिने चहूकडे पाहिले. माळ, जाळ्या, चरणाऱ्या दोन शेळ्या.

"गुरुजी, नवी वस्ती कुठे आहे?"

"तुम्ही तिला टेकून उभ्या आहात, बाई."

तिने झटकन माझ्यावरचा हात काढला. मग ती चौथऱ्यावर बसली आणि कागद पसरला. काळ्या पटावर तेजाचे सडे पडले होते. हा मुंबईचा पसारा, हे नाशिक, हे जव्हारचे चिमुकले टिपूस, हे मोखाड्याचे त्याहून लहान. आणि जिथे काहीच असायला नको तिथे मी.

"शिरपामाळ कुठाय?" जहीरने विचारले. "पर्यटकांची एवढी गर्दी होते तिथे."

"ती दिवसा होते, चाचा. रात्री तिथे अंधार. नकाशात शिरपामाळ नाही."

"म्हणजे माणसं आहेत तिथे काही नाही, आणि काही नाही तिथे शहर. छान."

शलाका हसली नाही. "शंभरातल्या नव्वद ठिकाणी हे बरोबर येतं, चाचा. अख्ख्या जगात फिरून घरं कोण मोजणार? पण एक कळत नाही. एकच दिवा महिन्यातून कधीमधी लागला तर सरासरीत बुडून जातो. हा तर दरवेळी दिसतोय. तुम्ही रोज लावता का?"

"मुळीच नाही," गुरुजी जरा अभिमानाने म्हणाले. "फक्त चंद्र नसलेल्या रात्री."

शलाकाचे बोट कागदावर थांबले.

"काय झाले?"

"गुरुजी, चंद्राच्या उजेडाने फोटो बिघडतो. म्हणून चांदण्या रात्रीचे, ढगांच्या रात्रीचे सगळे फोटो आम्ही टाकून देतो. मोजायला घेतो त्या फक्त स्वच्छ, अंधाऱ्या रात्री."

"म्हणजे आम्ही ज्या रात्री दिवा लावतो, त्याच तुम्ही ठेवता."

"हो."

"आणि ज्या रात्री आम्ही काटकसर करतो, त्या?"

"त्या आम्ही पाहतच नाही."

गुरुजींनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. तो स्वच्छच होता. "नियम माझा," ते म्हणाले. "देवाचे ताट वगैरे मीच बोललो होतो."

"त्यात याची तोंडंही आभाळाकडे," जहीरने भर घातली. "जमिनीला निम्मा, फोटोला निम्मा."

फागूने मुद्द्याचे विचारले. "ताई, तुमच्या साहेबाला सांगा ना, हितं काय नाय म्हनून."

"सांगेन. पण असे लाखो ठिपके आहेत, दादा. एकासाठी कोणी हिशेब बदलत नाही. दरवर्षी नवा नकाशा निघतो. पुढच्या नकाशात इथे अंधार मोजला गेला, तर ठिपका आपोआप जाईल."

म्हणजे उजेडामुळे जे अडले ते अंधाराने सुटणार होते. दुसऱ्या दिवशी पाड्याची बैठक माझ्याच पायाशी बसली. न्यायनिवाड्याला आरोपी हजर होता, पण त्याला कोणी काही विचारले नाही.

"दिवा हाय आन अंधारात बसायचा?" कोणीतरी कुरकुरले. "अवसंला भजन कसा करायचा? इचूकाट्याचा काय?"

"आणि परवा लक्ष्मीपूजन," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "ती अमावस्याच आहे. दिवाळीच्या दिवशी दिवा लावू नका, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

 मग मागे बसलेली चैती उठली. मूल गेल्यापासून ती माळावर पहिल्यांदाच आली होती.

"घरातल्या पणत्या लावा. त्या त्याला दिसायच्या नाय," तिने बोटाने आकाश दाखवले. "ह्याला चांदण्या रातीला पेटवा. अंधाऱ्या रातीला आपून एकमेकाचा हात धरू." आणि माझ्याकडे वळून, घरच्या पोराला दटावावे तसे म्हणाली, "तू गप ऱ्हा. लई बोललास."

मी गप्प राहिलो.

त्या लक्ष्मीपूजनाला सगळा तालुका उजळला होता आणि मी काळा उभा होतो. गुरुजींनी चौथऱ्यावर एक समई ठेवली. तिच्याभोवती भजन झाले. मी वरून प्रथमच पाहिले की समईच्या उजेडात माणसे जवळजवळ बसतात. माझ्या उजेडात ती ऐसपैस बसत, एकमेकांपासून हातभर दूर. समई आकाशाला दिसत नाही. तिला त्याचे काही वाटत नसावे.

पौर्णिमेला मात्र मी दिमाखात पेटे. जीपवाले थांबून हसत. "गुरुजी, चांदणं कमी पडलं का?" एकाने विचारले. गुरुजी म्हणाले, "आम्ही शहर मोडतोय बाबा. कारभार उलटाच चालणार." अंधाऱ्या पंधरवड्यात फागूचा पाय मुरगळला, एकाची शेळी चुकली, आणि दोन्ही खेपेला माझ्या बटणाकडे हात गेले, पण कोणी ते दाबले नाही. दुसरी दिवाळीही तशीच पाळली गेली. काळोखाचे अनुष्ठान एवढ्या निष्ठेने कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवाळीनंतर माघात शलाकाचा जहीरला निरोप आला: ठिपका गेला. जहीर खोडाळ्याहून पेढे घेऊन आला. आपण जगाच्या नकाशावरून पुसले गेलो म्हणून पेढे वाटणारे हे बहुधा पहिलेच गाव. गुरुजींनी पुन्हा अर्ज लिहिला आणि त्याला नवा नकाशा जोडला. भाऊसाहेब तो पाहून हळहळले म्हणे. "अरेरे, वस्ती उठली वाटतं? एवढी चांगली वाढ होती." पण करवंदपाडा दुर्गम यादीत परत आला आणि चैत्र सरता सरता साकवाचे काम सुरू झाले.

साकवाच्या तुळया उचलायला क्रेन आली. जहीरने क्रेनवाल्याला दोन वेळा चहा पाजला, त्याच्या क्रेनचा भोंगा फुकट दुरुस्त करून दिला, आणि तिसऱ्या चहाला म्हणाला, "भाई, जाता जाता हा नवाब खाली उतरवून द्या." मी सात वर्षांनी जमिनीवर आलो. माझी चार तोंडे फुटकी निघाली. उरलेली दोन जहीरने पुसली आणि साकवाच्या दोन टोकांना, माणसाच्या उंचीवर लावली, माना खाली वाकवून. "आता पायाखालचं बघ," तो म्हणाला. एवढ्याशा विजेने घरेही मंद होत नाहीत.

गेल्या श्रावणात, दिवे लागणीच्याच वेळी, धाकली पुन्हा अडली. ओहळ तसाच दोन्ही काठ भरून धावत होता. फागू आणि तिघे झोळी घेऊन आले. चैती पुढे होती. साकवाच्या तोंडाशी तिचे पाऊल अडखळले. पाण्याचा आवाज तिला ठाऊक होता. मग तिने खाली पाहिले. फळ्या स्वच्छ दिसत होत्या, एकेक खिळा दिसत होता.

"चला," ती म्हणाली. "दिसतंय."

शब्द एवढाच. मला एकदा नगर म्हटले गेले होते; त्या पदवीने जे सुख झाले नव्हते ते या एका शब्दाने झाले. झोळी चाळीस पावलांत पार झाली. तिसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा तिच्यात रडण्याचा आवाज होता, आणि तो ओहळालाही हार जात नव्हता.

यंदा दिव्याच्या अमावस्येला चैती आली. दोन टोकांना नागलीच्या पिठाचे दोन दिवे ठेवले. नात कडेवर होती. तिने एक दिवा उचलून तोंडात घातला. "खा," चैती म्हणाली, "त्याला राग नाय यायचा. आता शहाना झालाय."

असा मी. आज मला कोणी आकाशातून पाहत नाही. परवा दोन पाहुणे साकवावरून जाताना मोबाइलवर नकाशा बघून म्हणाले, "इथे तर सगळा अंधारच आहे." त्यांच्या पायाखालची फळी मी त्यांना दाखवत होतो. ते न अडखळता पलीकडे गेले.

तुमच्याजवळ एकच विनवणी. दिवा लावाल तेव्हा तो कोणाला दिसतो याच्या आधी त्याने कोणाला दिसते ते पाहा, आणि तुमचा एखादा दिवा माझ्यासारखा मान वर करून बसला असेल, तर क्रेनची वाट न पाहता ती हलकेच खाली वळवा.

हे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या उंबऱ्यावर सांजवात तेवत राहो. कोणाची झोळी काठावर न थांबो. ओहळ भरले तरी वाट न बुडो. लेकीसुनांच्या कुशी उजवोत, म्हाताऱ्यांच्या पावलांना फळी दिसो. मोठ्यांच्या झगमगाटाने बारक्यांचे घर मंद न होवो. आणि ज्यांची नोंद कुठल्याच नकाशात नाही, त्यांची नोंद ज्याच्या वहीत आहे, तो दीनांचा सोयरा घरोघरी नांदो, सर्वांना सुखी ठेवो.